सात चाळीसची बोट सुटणार नाही

जाकीट बहिणीचं. बाह्या आखूड,
म्हणून मनगटं टेबलाखाली.
गोथेनबर्गच्या या जुन्या गोदीत माझे वडील
जहाजांच्या पोटाला तांबडा रंग द्यायचे.
आता इथे गाद्या विकणाऱ्यांचं ऑफिस आहे,
आणि दारातच बुटांवर चढवायला निळ्या पिशव्या देतात,
इस्पितळात देतात तशा.

तिंद्रा पंचविशीची असेल, मेल्केर त्याहून लहान.
दोघंही गोड बोलतात. खोटं नव्हे, मनापासून गोड.
"तुमच्याबद्दल सांगा ना, एखाद्या गोष्टीसारखं."
एकोणीस वर्षं फेरीबोटीच्या कंपनीत, मी म्हटलं,
धक्क्यावरच्या पाट्या लिहायचे.
बर्फामुळे सात चाळीसची बोट सुटणार नाही.
पुढची नऊ दहाला.
"आणि?" मेल्केर पुढे झुकला.
आणि काय?
लोक वाचायचे, घरी परत जाऊन कॉफी प्यायचे.

त्याला हे सांगायचं राहिलं, की 'कदाचित' हा शब्द
एकोणीस वर्षांत मी दोनदाच वापरला,
आणि दोन्ही वेळा धुकं होतं.

मग कागद दिला. पाच मिनिटं, झोपेवर दहा ओळी,
डोकं बाजूला ठेवा, मन सैल सोडा.
मी लिहिलं:
गादी सव्वीस किलोची आहे, जिना अरुंद असेल तर दोघं लागतील.
मग: नवरा घोरत असेल, तर तो या गादीवरही घोरेल.
तिसरी ओळ लिहून खोडली.
ती आईच्या शेवटच्या पलंगाची होती.
मेल्केर दुसऱ्या ओळीला खदखदून हसला,
म्हणाला, तुम्हाला विनोद जमतो.
विनोद नव्हता तो. लार्स-ओव्हेबरोबर मी बावीस वर्षं काढली.

"आता अनुभव घ्या," तिंद्रा म्हणाली.
खोलीच्या मध्यभागी गादी, वर मंद दिवे,
कुठूनतरी झऱ्याचा आवाज.
मी आडवी झाले, निळ्या पिशव्यांसकट,
आणि झोपले.
खरंच झोपले, बारा मिनिटं,
तोंड उघडं होतं की नाही देव जाणे.

"काय वाटलं?"
काहीच नाही. म्हणून तर झोप लागली.
"पण एखादा रंग? एखादा प्राणी?"
मी विचार केला. मनापासून केला.
पाठ दुखत नाहीये, म्हटलं.
तिने काहीतरी टाइप केलं, दोनच शब्दांइतकं.

पैशांची गरज होती. हे लिहायलाच हवं,
नाहीतर या ओळी शहाणपण मिरवत बसतील.
घरभाडं दोन महिन्यांचं थकलेलं, आणि दातही एक.
म्हणून शेवटी मी म्हणाले: ढग.
ढगात असल्यासारखं वाटलं.
दोघांचे चेहरे काय खुलले!
लिफ्टमध्येही तो शब्द जिभेवर होता,
साबण चाटल्यासारखा.

संध्याकाळी धक्क्यावर आले. माझ्या पाटीच्या जागी
आता पडदा आहे, अक्षरं त्यावर नाचत येतात:
अरेच्चा! समुद्राचा आज मूड नाही!
जरा दम धरा, दर्यामित्रांनो!

मांजराची टोपली घेतलेली एक म्हातारी
ते दोनदा वाचत उभी होती.
चष्मा काढून पुसला, परत वाचलं.
"म्हणजे बोट आहे की नाही?"

नाही, मी म्हटलं. पाच वीसची सुटणार नाही.
वाऱ्यामुळे. पुढची सहा पन्नासला.

तिने टोपली बाकावर ठेवली,
झाकण बोटभर उचललं
आणि आत बघून शब्दन् शब्द तसाच सांगितला:
पाच वीसची सुटणार नाही. वाऱ्यामुळे.
पुढची सहा पन्नासला.